कमानीवरचे वाक्य

बँडचे स्वरलिपी-कपाट, हॅडली ग्रोव्ह कॉलेज,
मिसिसिपी
सोमवार, दि. २६ ऑगस्ट २०१९

माननीय मिस लव्हॉन,

आपली-माझी ओळख नसताना, आपण काही विचारलेले नसताना आणि माझे वय आपल्या निम्म्याहूनही कमी असताना मी आपल्याला आपल्याच वडिलांविषयी पत्र लिहीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. मला चारचौघांत बोलता येत नाही. वर्गात हात वर करण्यापूर्वी मी वाक्य मनात जुळवीत बसते आणि तोवर तास संपतो. कागदावर मात्र थोडे धैर्य येते. ते धैर्य आज मी आपल्यावर वापरणार आहे, तेव्हा त्याचीही क्षमा असावी.

माझे नाव ज्युनिया प्रूइट. मी चौथ्या वर्षाला आहे, बँडमध्ये पिकोलो ही छोटी, उंच सुराची बासरी वाजवते आणि बँडच्या जुन्या स्वरलिप्यांचे कपाट सांभाळते. आपले वडील, आम्हा सगळ्यांचे बँडमास्तर प्रोफ, गेल्यानंतर कॉलेजने जी स्मारक समिती नेमली, तिच्यात विद्यार्थ्यांच्या वतीने मला घेतले आहे. मी बोलत नाही म्हणूनच घेतले असावे.

समितीने आपल्याला निमंत्रण पाठविले होते. सरावाच्या मैदानाला प्रोफ एल्सवर्थ टॉलिव्हर यांचे नाव देणार, मैदानाच्या तोंडाशी दगडी कमान उभारणार, कमानीवर त्यांचे वाक्य कोरणार आणि होमकमिंगच्या शनिवारी, सगळे माजी विद्यार्थी गावात असताना, आपल्या हस्ते तिचे उद्घाटन व्हावे, अशी विनंती होती. आपले उत्तर साध्या कार्डावर आले : "मला यायचे नाही. मैदानाला त्यांचे नाव खुशाल द्या. ते वाक्य मात्र कोरू नका."

समितीचे अध्यक्ष डॉ. ऑर्विल स्टॅम्प्स यांनी ते कार्ड मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "पोरगी अजून रुसलेलीच आहे. अडतीस वर्षं! हट्टाला अगदी बापावर गेलीय." सगळे हसले. मी हसले नाही; पण मला राग आला, आणि तो आपला आला.

त्या वाक्यात खटकण्यासारखे काय आहे, मिस लव्हॉन? ऑगस्टच्या उन्हात पहिल्या वर्षाची मुले प्रथमच रांगेत उभी राहतात, तेव्हा बँडचा म्होरक्या, ड्रम मेजर, एकच प्रश्न विचारतो, "बस थांबते का?" आणि दोनशे गळ्यांतून उत्तर येते, "बस थांबत नाही!" ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते अशी मुले त्या वाक्याच्या आधाराने पदव्या घेऊन गेली. माझे वडील हार्लन प्रूइट त्यांपैकीच एक. ते प्रोफच्या बँडमध्ये सूझाफोन वाजवीत. ते अंगाभोवती गुंडाळून घ्यायचे पितळी धूड. शिकून त्यांनी स्वतःचे केशकर्तनालय काढले, आणि तिथे आजही सगळ्या भिंतींवर बँडच आहे.

त्या दुकानात आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर ते एक गोष्ट दर वर्षी सांगतात. कॉलेजच्या संघाने सामना जिंकला होता आणि बँड परत येत होता. वाटेत पेट्रोल पंपावर बस थांबली. निघायची वेळ झाली, सगळे चढले, आणि प्रोफची सख्खी मुलगीच नाही! ती आपली केस विंचरत बसलेली. प्रोफनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "ड्रायव्हर, चला." इथे डॅडी थांबतात, सगळ्यांकडे पाहतात आणि म्हणतात, "दुसऱ्या दिवशी चर्चच्या कुणाच्या तरी गाडीनं आली बया. त्यानंतर तिला कधी उशीर झाला नाही!" हशा ठरलेला. मी ती गोष्ट स्मरणिकेत लिहून दिली आहे. स्वतःच्या मुलीलाही सवलत न देणारा माणूस, असे मी तिच्याखाली लिहिले आणि लिहिताना मला अभिमान वाटला.

त्या शिस्तीमागचे कारण आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. ते बँडमध्ये नवे होते तेव्हाची ती मिरवणूक : वाटेतल्या एकाही पंपावर गोऱ्या मालकांनी आपल्या काळ्या मुलांच्या बँडला पेट्रोल वेळेवर दिले नाही, स्वच्छतागृह उघडून दिले नाही, मुद्दाम ताटकळत ठेवले. बँड उशिरा पोहोचला, म्हणून आयोजकांनी त्याला मिरवणुकीतून काढले, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिले की या लोकांना घड्याळ वाचता येत नसावे. ते कात्रण प्रोफनी आपल्या खोलीच्या दाराला आतून लावले होते. त्यांनी मला ते दाखविले आणि म्हणाले, "त्यांचा उशीर हा उशीर असतो, पोरी. आपला उशीर म्हणजे आपली जात."

निवृत्तीनंतरही ते दर गुरुवारी माझ्या कपाटापाशी येत. फाटलेल्या स्वरलिप्या आम्ही दोघे चिकटवीत असू. एकदा माझे वाजवणे ऐकून म्हणाले, "ज्युनिया, तुझा पिकोलो माफी मागतोय. कुणाची?" मी पिकोलो पेटीत ठेवू लागले. ते म्हणाले, "चूक करायची तर मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी कर. मग मी ती दुरुस्त करीन." मला आजवर कोणी असे सांगितले नव्हते.

त्यांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये कुटुंबाचा पहिला बाक रिकामा होता. आपण आला नाहीत. शेवटी बँडची मुले त्या बाकावर जाऊन बसली, कारण तो रिकामा बाक कोणाला बघवेना. आपण त्यांचे एकुलते एक अपत्य. एका माणसाच्या सबंध आयुष्यातून उरलेले एक वाक्य, आणि तेही आपल्याला सलावे, याचा मला मनापासून संताप आहे. तो लपविणे अप्रामाणिक झाले असते, म्हणून लिहिले.

आपली नम्र,
ज्युनिया प्रूइट

शनिवार, दि. १४ सप्टेंबर २०१९

माननीय मिस लव्हॉन,

आपले पत्र मिळाले. त्याची सुरुवात अशी आहे : "मुली, तुझ्या पत्रात चूक एकही नाही. फक्त माहिती नाही." मी ते पहिल्यांदा उभ्याने वाचले आणि नंतर कपाटाला टेकून जमिनीवर बसून वाचले.

मी केस विंचरण्याविषयी लिहिले होते. आपण लिहिलेत : "स्वच्छतागृहाची किल्ली काउंटरच्या मागे लाकडी ठोकळ्याला बांधून टांगलेली होती. मी मागितली. तो म्हणाला, थांब. माझ्यामागून आलेल्या तिघांना त्याने सिगारेटी दिल्या, दूध दिले, मासे पकडायचे गांडूळही दिले. मग त्याने बाहेरच्या बसकडे पाहिले, माझ्या गणवेशाकडे पाहिले आणि हसत किल्ली दिली."

मिस लव्हॉन, मी त्या तीन ओळींपुढे बराच वेळ जाऊ शकले नाही. ज्या माणसाने दाराला ते कात्रण लावले होते, त्याला अशा पंपांवर वेळ कशात जातो हे कळत नव्हते? आख्ख्या राज्यात ते कुणाला कळायला हवे होते, तर त्यांना! पंपवाल्याने आपला वेळ चोरला, आणि त्या चोरीची शिक्षा त्यांनी आपल्याला दिली. त्या पंपवाल्याला हे घडवून आणायचे होते आणि प्रोफनी ते त्याच्या हातात नेऊन दिले. 

पुढे आपण फार थोडक्यात लिहिले आहे. पंपवाल्याने दिवे मालवले. एक ट्रक दोनदा सावकाश समोरून गेला. आपण मागच्या सोयाबीनच्या शेतात आडव्या पडून राहिलात, आपली आई आणि मामा गाडी घेऊन येईपर्यंत. आणि मग : "शेतातली भीती मला आता नीट आठवतही नाही. सोमवार आठवतो. सरावाला त्यांनी मला सगळ्यांच्या समोर उभे केले आणि म्हणाले, बस थांबत नाही. बँडने टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यात मी दूर उत्तरेला डुलुथला मावशीकडे आले. तुझ्या वडिलांच्या गोष्टीचा शेवट तेवढा खरा आहे. मला त्यांच्याकडे परत कधी उशीर झाला नाही. मी गेलेच नाही."

"तुझे वडील त्या बसमध्ये होते का?" असे आपण शेवटी विचारले आहे. होते. मी आज त्यांना विचारले, आणि जे झाले ते शब्दशः सांगते.

शनिवारी सकाळी दुकान भरलेले असते. मिस्टर क्लीटस, आमच्या चर्चचे जुने गायक, खुर्चीत होते. अर्धे डोके झाले होते. मी दारात उभी राहून म्हटले, "डॅडी, त्या दिवशी बसमध्ये तुम्ही कुठे बसला होता?"

"अरे हार्लन, तुझी पोरगी बोलली!" मिस्टर क्लीटस आरशातून म्हणाले. "यंत्र बंद कर, ऐकू दे मला."

"शेवटच्या बाकावर," डॅडी म्हणाले. "सूझाफोनवाले कायम मागे. का गं बाळ? स्मरणिकेला हवंय?"

"मागच्या काचेतून काय दिसत होतं?"

"रस्ता."

"आणि रस्त्यावर?"

"गाई असतील," मिस्टर क्लीटस म्हणाले. "मिसिसिपीत दुसरं असतंय काय?"

डॅडींनी यंत्र बंद केले. "क्लीटस, तोंड मिट, नाहीतर कान उतरवीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ज्युनिया, घरी बोलू."

"नाही डॅडी. गोष्ट तुम्ही इथं सांगता."

मी असे म्हणाले याचे मलाच आश्चर्य वाटले. बाकावरच्या माणसांनी वर्तमानपत्रे खाली केली. डॅडींनी खुर्चीच्या पाठीला धरले.

"पळत होती ती," ते म्हणाले. "हात वर करून. हातात तो ठोकळा होता, किल्लीचा. परत द्यायचा राहिला असणार. ओरडत होती, पण काच बंद. आधी आम्ही हसलो. वाटलं, प्रोफ जरा खेळवतायत, पुढच्या वळणावर थांबतील. मग वळण आलं."

"सगळ्यांनी पाहिलं?"

"मागच्या तीन बाकांनी तर पाहिलंच."

"आणि कोणी बोललं नाही."

"प्रोफच्या बसमध्ये जो बोलायचा त्याला खाली उतरावं लागायचं, बाळ."

"मग उतरायचं, डॅडी."

"हो," ते म्हणाले. फक्त एवढेच. "हो."

"आणि केस विंचरत होती ते?"

"ते नंतर आलं. कुणी घातलं ते नाही आठवत. गोष्टीला बरं दिसायचं."

मला थांबता आले असते. पण आपले पत्र माझ्या पिशवीत होते. मी विचारले, "सोमवारी टाळ्या कुणी सुरू केल्या?"

डॅडींनी यंत्र फळीवर ठेवले. डॅडी म्हणाले, "मी. ती समोर उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. प्रोफकडे नाही, आमच्याकडे. मागच्या रांगेकडे. सगळे गप्प. मला ते सोसवेना गं. टाळी वाजली की माणूस दुसरीकडे बघतो."

मिस्टर क्लीटस खुर्चीतून उठले, गळ्याभोवतीचे कापड त्यांनी स्वतःच सोडले. "अर्ध्या डोक्यानं घरी गेलो तर बायको विचारेल," ते म्हणाले, "पण आज मी तुझ्याकडून करून घेत नाही, हार्लन." आणि ते गेले.

मी माझे पहिले पत्र मागे घेत नाही. तेव्हा मला जे ठाऊक होते त्यात ते प्रामाणिक होते. पण ती गोष्ट मी स्मरणिकेतून काढून टाकली आहे. आता ते वाक्य कमानीवर जाऊ नये यासाठी मला समितीपुढे बोलावे लागेल. आपण जे लिहिले ते तिथे सांगण्याची मला परवानगी आहे का? आपण नाही म्हणालात, तर त्यातला एक शब्दही माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही.

आपली,
ज्युनिया

बुधवार, दि. २ ऑक्टोबर २०१९

माननीय मिस लव्हॉन,

आपले कार्ड वेळेत पोहोचले : "सांग. पण कुणाला माझी कीव येईल असे सांगू नकोस." त्याप्रमाणे वागण्याचा मी प्रयत्न केला. निकाल आधी सांगते, कारण आपल्याला ताटकळत ठेवणे मला बरे वाटत नाही. आम्ही हरलो.

काल दुपारी समितीची बैठक होती. डॉ. स्टॅम्प्स, आमच्या डीन मिसेस अ‍ॅस्क्यू, माजी विद्यार्थी संघाचे आणखी दोघे आणि मी. मी उभी राहिले. माझा आवाज इतका बारीक आला की मिसेस अ‍ॅस्क्यू म्हणाल्या, "मोठ्यानं, बाळ." मी पंप, किल्ली, शेत आणि सोमवार, एवढे सांगितले. विशेषणे घातली नाहीत.

डॉ. स्टॅम्प्स यांनी चष्मा काढला. "बाळ, हे एका बाजूचं झालं. माणूस गेलाय. तो उत्तर द्यायला येणार नाही."

तेवढ्यात दार उघडून माझे वडील आत आले. त्यांना बोलावलेले नव्हते. अंगात दुकानातलाच पांढरा कोट होता आणि बाहीवर कुणाचे तरी केस.

"दुसऱ्या बाजूचं मी सांगतो, ऑर्विल," ते म्हणाले. "मी होतो तिथं. पोरीनं जे सांगितलं ते तसंच आहे."

"हार्लन!" डॉ. स्टॅम्प्स म्हणाले. "अरे, ही गोष्ट मी तुझ्याच तोंडून ऐकलीय. तुझ्याच खुर्चीत बसून. पोट धरधरून हसलोय आपण."

"म्हणून तर आलो. ज्यानं घाण केली त्यानंच पुसायची."

मग वाद झाला, आणि त्यातला प्रत्येक शब्द मला लागला. एक गृहस्थ म्हणाले, ते दिवसच तसे होते. दुसरे म्हणाले, गोष्ट स्मरणिकेतून काढली ना, मग झाले. वाक्य वेगळे आणि घटना वेगळी. डॅडी म्हणाले, "वेगळी कशी? त्याच्या आधी प्रोफ 'वेळेवर या' म्हणायचे. 'बस थांबत नाही' हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते त्या सोमवारी. तिच्या तोंडावर म्हटलेलं वाक्य आहे ते."

मिस लव्हॉन, हे आपल्यालाही ठाऊक असेल, मला नव्हते. पहिली दोन वर्षे दर ऑगस्टला मी ते वाक्य ओरडले, आणि पुढची दोन वर्षे नव्या मुलांकडून ओरडून घेतले. ते मुळात एका अठरा वर्षांच्या मुलीला, तिला शेतात झोपायला लावून, सगळ्यांसमोर ऐकवलेले वाक्य होते, हे आम्हाला कोणीच सांगितले नाही.

डॉ. स्टॅम्प्स यांच्याविषयी मला खोटे लिहायचे नाही. ते टेबलावर हात ठेवून म्हणाले, "माझी आई दुसऱ्यांच्या घरी फरशा पुसायची. मी कॉलेजला आलो तेव्हा मला कुणी कधी काही वेळेवर करायला सांगितलेलंच नव्हतं, कारण माझ्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. त्या वाक्यानं मला डॉक्टर केलं. आज माझ्या दवाखान्यातल्या भिंतीवर ते आहे. तू मला सांगतेस, ते खाली काढ. मग माझ्यापाशी काय राहतं, बाळ?"

 त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मी म्हटले, आणि या वेळी कोणाला मोठ्याने म्हणायला सांगावे लागले नाही, "सर, ते तुमच्या दवाखान्यात राहू दे. पण ज्या कमानीखालून प्रत्येक नवी मुलगी जाणार, तिच्यावर नको. तिला कुणी तरी पंपावर थांबवून ठेवलं, तर तिनं काय समजायचं?"

"तिनं लवकर निघायला शिकावं," ते म्हणाले.

मतदान झाले. मिसेस अ‍ॅस्क्यू माझ्या बाजूने होत्या. बाकी तिघे म्हणाले की दगड कोरून आला आहे, तो उभारण्याच्या कामाला लोक लागले आहेत आणि एका कौटुंबिक दुःखासाठी सबंध कॉलेजचा वारसा पुसता येणार नाही. 'कौटुंबिक दुःख' हे शब्द कार्यवृत्तात लिहिले गेले आहेत. बसमधली माणसे कुटुंब होती का, हे कोणी विचारले नाही.

बाहेर आल्यावर डॅडी पायरीवर बसले. म्हणाले, "अडतीस वर्षं मी ती गोष्ट सांगून त्यांना हसवलं. एका दुपारी रडून कसं चालेल?"

आपली,
ज्युनिया

सोमवार, दि. २१ ऑक्टोबर २०१९

माननीय मिस लव्हॉन,

होमकमिंग झाले. कमान उभी आहे. तिच्यावर ते वाक्य आहे, मोठ्या अक्षरांत, दुरून वाचता येते. हे मी पहिल्या ओळीत लिहीत आहे, कारण पुढे जे सांगणार आहे त्यामुळे त्यात काही फरक पडत नाही.

शनिवारी दुपारी उद्घाटनानंतर आधी माजी विद्यार्थ्यांचा बँड आणि मग आमचा बँड कमानीखालून मैदानात जायचा होता. गर्दी आपल्याला आठवत असेल : तळलेल्या माशांचा धूर, म्हाताऱ्या बायकांच्या टोप्या, लहान मुले बापांच्या खांद्यांवर. माजी विद्यार्थी ढोलांच्या तालावर निघाले. गुडघा छातीपर्यंत उचलणारी ती प्रोफची चाल साठीच्या माणसांनाही येते. अंगातून जात नाही.

सूझाफोनवाले शेवटी होते. डॅडी सगळ्यांत पुढे. कमानीपाशी ते थांबले.

मागून कोणी ओरडले, "काय रे हार्लन, दम लागला? का ते धूड अडकलं दगडात?"

"अडकलं नाही," डॅडी म्हणाले. "मी येत नाही."

"अरे पण गाणं सुरू होतंय!"

"होऊ दे."

त्यांनी सूझाफोन अंगावरून उतरवला आणि गवतावर ठेवला. त्या बसच्या मागच्या बाकांवरचे तिघे जण त्यांच्याबरोबर होते. दुकानातला तो शनिवार गावभर झाला होता, तेव्हा कारण कोणाला विचारावे लागले नाही. दोघांनी आपापली वाद्ये खाली ठेवली. तिसरे, ज्यांचे नाव मी लिहीत नाही, "मला माफ कर, हार्लन, माझी नातवंडं बघायला आलीत," असे म्हणून आत गेले. त्यांच्यावर मला राग नाही. फार नाही.

मग आमची रांग आली. आमचा ड्रम मेजर, टेरेल, प्रोफच्या घड्याळासारखा मुलगा आहे. तो मागे वळून म्हणाला, "प्रूइट, पाय उचल."

मी म्हणाले, "मी या कमानीखालून जाणार नाही."

"काय?"

मी ते पुन्हा म्हटले, त्या टोकाला ऐकू जाईल असे.

"वेड लागलंय का? हा तुझा शेवटचा सीझन आहे. आत नाही आलीस तर आजपासून बँडमध्ये नाहीस, माहीताय ना?"

"माहीत आहे, टेरेल."

 त्याला वाईट वाटत होते, हे मला दिसले. पण ढोल थांबत नव्हते, म्हणून तो गेला, आणि माझ्या दोन्ही बाजूंनी रांग पुढे गेली.

कॉलेजगीत आम्ही भिंतीबाहेरून ऐकले. आतल्या जमावाच्या आवाजातून ते येत होते. डॅडी कान लावून म्हणाले, "खालून पोकळ येतंय." ते ऐकू येत होते : वरचे सगळे सूर होते आणि त्यांना उभे करणारा तळ पातळ झाला होता. पहिल्या वर्षाची काही मुले उशिरा आली होती. ती आमच्याकडे बघत उभी राहिली. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "अंकल, तुम्ही आत का नाही?"

डॅडींनी तिला सांगितले. पंप, किल्ली, मागची काच, वळण. टाळ्या कोणी सुरू केल्या तेही. हशा पिकवायच्या जागी ते नुसते पुढे बोलत गेले. ती मुलगी शेवटी म्हणाली, "मग तुम्ही ड्रायव्हरला सांगायचं होतं." डॅडी म्हणाले, "हो, बेटा."

डॉ. स्टॅम्प्स बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. "प्रोफचा अपमान केलास तू, हार्लन. आजच्या दिवशी. सगळ्यांसमोर."

"केला," डॅडी म्हणाले. "त्यांनी शिकवलेलं सगळं मला येतं, ऑर्विल. हे एवढंच त्यांनी शिकवलं नव्हतं."

आज सकाळी मला बँडमधून काढल्याची चिठ्ठी मिळाली आणि कपाटाची किल्ली परत मागितली गेली. त्या कपाटातल्या निम्म्या स्वरलिप्यांवर प्रोफचे हस्ताक्षर आहे. चिकटपट्ट्या मी लावलेल्या आहेत. मी किल्ली दिली. हा निर्णय अन्याय्य आहे, असे मी त्यांना लेखी कळविले आहे, आणि त्यात एकदाही 'क्षमस्व' लिहिलेले नाही.

प्रोफविषयी मला काय वाटते, हे आपण मागच्या कार्डात विचारलेत. मला ठाऊक नाही. मी आजही रस्त्याने चालताना त्यांच्या तालात चालते, आणि प्रत्येक पावलाला मला त्यांचा राग येतो. त्यांना ते कात्रण वाचता येत होते आणि आपण वर केलेला हात दिसत नव्हता. याचा अर्थ मला लावता येत नाही आणि लावायची घाईही नाही. आपण तो कधी लावलात का, हे विचारण्याचा मला अधिकार नाही.

एक काम राहिले आहे, आणि ते माझे नाही. माझे वडील आपल्याला काही सांगू इच्छितात. त्यांनी पत्र लिहायचा प्रयत्न केला. कागद टाकून दिले. ते म्हणतात की काचेतून पाहिलेले कागदावर सांगणे म्हणजे पुन्हा काचेतूनच सांगणे. त्यांना डुलुथला येऊन आपल्या दाराशी उभे राहून बोलायचे आहे. आपला पत्ता त्यांनी मागितला. मी दिलेला नाही. तो माझ्याजवळ आपण विश्वासाने दिलेला आहे आणि आपल्या परवानगीवाचून मी तो माझ्या वडिलांनाही देणार नाही. ते आले, तर आपण दार उघडलेच पाहिजे असे नाही, हेही मी त्यांना सांगितले आहे. ते म्हणाले, "ठाऊक आहे."

आपण नाही म्हणालात, तर एक शब्द पुरे. तो मी त्यांना जसाच्या तसा सांगेन, गोड करून सांगणार नाही. आपण उत्तर दिले नाहीत, तर तेही उत्तर आहे असे समजेन आणि दुसऱ्यांदा विचारणार नाही. आपल्याला आजवर पुष्कळ माणसांनी पुष्कळ काही ठरवून ऐकवले आहे. हे आपण ठरवावे.

आपली,
ज्युनिया प्रूइट

हे पत्र सोमवार, दि. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी हॅडली ग्रोव्हच्या टपाल कचेरीत मी स्वतः दिले.